सहाव्या महिन्यात कोण येणार?

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. नदीकाठच्या एका गावातली माणसं उंचावरच्या दुसऱ्या गावातल्या हायस्कूलमध्ये आणून ठेवली होती आणि आम्ही पाच जण ‘मानसिक आधार पथक’ म्हणून तिथं पोचलो होतो. हातात वीस प्रश्नांचा छापील फॉर्म. आठवीच्या वर्गात भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. मी समोर बसलो, नाव-गाव विचारलं आणि म्हणालो, "आजी, कसं वाटतंय?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. म्हणाल्या, "आज इचारणारं तुमी चौथं. माझं काय वाटायचं ते ऱ्हाऊ द्या डाक्टर. म्हस दाव्याला हुती. कुणी दावं सोडलं का न्हाई, तेवढं कुणाला तरी इचारून सांगा."

आमच्या फॉर्मात म्हशीचा रकाना नव्हता. पण बरोबरच्या एका कार्यकर्तीनं दहा-बारा फोन केले, जनावरांच्या छावणीतल्या पोरांकडून खातरजमा केली आणि संध्याकाळी आजींना येऊन सांगितलं, की दावं सोडलं होतं, पण म्हैस छावणीत आलेली नाही. बातमी चांगली नव्हती. तरी त्या रात्री आजी तीन दिवसांत पहिल्यांदा धड जेवल्या, असं त्यांच्या सुनेनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आमच्या पथकानं त्या आठवड्यात जे काही केलं, त्यातलं खऱ्या उपयोगाचं काम ते एकच, असं मला आज वाटतं. आणि ते करणारी मुलगी मानसोपचारतज्ज्ञ नव्हती.

आपत्तीनंतर माणसांच्या मनाचं काय होतं याबद्दल हल्ली बोललं जातं, हे चांगलंच आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा विषय काढला की "आधी पोटाचं बघू, मनाचं नंतर" म्हणून गप्प बसवलं जायचं. आता वेगळीच अडचण झाली आहे. पूर येवो, दरड कोसळो, पहिल्या आठवड्यात समुपदेशकांच्या गाड्या निघतात, गाड्यांना फलक लागतात, केळ्यांच्या आणि जुन्या साड्यांच्या ढिगाशेजारी आमचंही टेबल मांडलं जातं. पंधरवड्यात सगळं आटोपतं. मनाचं वेळापत्रक मात्र नेमकं उलटं चालतं. पहिल्या आठवड्यात माणसं एकत्र असतात, एकमेकांना धरून असतात, सगळा जिल्हा धावून आलेला असतो. खरी पडझड तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसायला लागते. घरी परतल्यावर चिखल काढून झालेला असतो, यादीत नाव का नाही म्हणून तलाठी कार्यालयाच्या चार खेपा झालेल्या असतात, सोसायटीचा हप्ता तोंडावर असतो, घरातला कर्ता दुपारपासून पिऊन बसलेला असतो. तेव्हा विचारायला कुणीही नसतं. माझं म्हणणं असं, की आपण मदत पाठवतो ती चुकीच्या वेळी आणि बऱ्याचदा चुकीच्या माणसांकरवी पाठवतो.

यामागचं शास्त्र थोडं समजून घेऊ. जिवावरच्या प्रसंगानंतर झोप न लागणं, दचकून उठणं, पत्र्यावर पाऊस वाजला तरी छातीत धडधडणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, हे आजार नव्हेत. मेंदूतली धोक्याची घंटा वाजली होती, ती बंद व्हायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकांची ती आपोआप, आपल्या माणसांच्या सोबतीनं बंद होते. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांनी मॅनहॅटनमधल्या प्रौढांची पाहणी झाली. त्यात हल्ल्याशी निगडित आघातोत्तर ताण विकार, म्हणजे ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो, तो साडेसात टक्के लोकांत आढळला. सहा महिन्यांनी हे प्रमाण 0.6 टक्क्यांवर आलं होतं. अर्थात न्यूयॉर्क सावरलं ते घरं-नोकऱ्या बहुतांशी शाबूत होत्या म्हणूनही. जिथं पायाखालचं सगळंच जातं, तिथला हिशेब वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, गेल्या दहा वर्षांत युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष अनुभवलेल्या भागांत कोणत्याही वेळी सुमारे 22 टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार, पीटीएसडी, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया यांपैकी काहीतरी असतं. त्यातही तीव्र स्वरूपाचा आजार असणारे शंभरात पाच.

म्हणजे पाचातले चार सावरतात, पाचवा अडकतो. अडचण अशी, की पहिल्या आठवड्यात तो पाचवा कोण हे मलाही ओळखता येत नाही. तेव्हा सगळेच रडत असतात किंवा सगळेच सुन्न असतात. पुढच्या तीन-चार महिन्यांत ज्याचं रडणं थांबत नाही, किंवा ज्यानं रडणंच काय, बोलणंही सोडलंय, तो हळूहळू वेगळा दिसायला लागतो. पण दिसतो तो जवळ असणाऱ्याला. पंधराव्या दिवशी परत गेलेल्याला नव्हे.

"निदान मन मोकळं तर होतं ना?" असं कुणी म्हणेल. ही समजूत इतकी पक्की आहे, की तिच्याविरुद्ध बोलताना मलाही जरा जड जातं. 1980 च्या दशकात अमेरिकेत अग्निशमन दलाच्या जवानांसाठी ‘डिब्रीफिंग’ नावाची पद्धत निघाली. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं, ते सविस्तर बोलायला लावायचं. पुढे ती सगळीकडे, सगळ्यांवर वापरली जाऊ लागली. मग तपासणी झाली. ब्रिटनमध्ये 1997 साली प्रसिद्ध झालेल्या, भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत तेरा महिन्यांनी डिब्रीफिंग मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना पीटीएसडी होता. ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात 9 टक्क्यांना. डिब्रीफिंगच्या गटातल्यांच्या जखमा मुळात थोड्या अधिक होत्या, तेव्हा या एका चाचणीवर सगळा भार टाकू नये. पण नंतर अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही एकदाच बसवून बोलतं करण्याचा फायदा दिसला नाही, अपाय मात्र काही ठिकाणी दिसला. जागतिक आरोग्य संघटना आज ही पद्धत वापरू नका असंच सांगते. माणसाला बोलायचं असेल तर ऐकावं. बोलायचं नसेल तर त्याच्या गप्प बसण्याला हात लावू नये. जखमेवर धरलेली खपली आपण येऊन काढायची आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जायचं, याला उपचार म्हणता येत नाही.

आता माझी स्वतःची चूक. त्या हायस्कूलमध्ये मी बऱ्याच जणांना झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. लोक हात जोडून म्हणत होते, "तेवढी झोप लागू दे." मला वाटलं, चार दिवसांचाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात आणि शोकात, ज्या गटातल्या या गोळ्या आहेत तो बेन्झोडायझेपिन्सचा गट वापरू नये. मला ते ठाऊक होतं. तरी लिहून दिल्या, कारण समोर माणूस हात जोडून उभा असताना काहीतरी दिल्याचं समाधान मलाच हवं होतं. 2020 च्या फेब्रुवारीत दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेलो, तेव्हा आजींची सून भेटली. ती अजून त्याच गोळ्या घेत होती. माझ्याच जुन्या चिठ्ठीवर तालुक्याच्या गावातून आणायची. आता त्यांच्याशिवाय झोप येत नाही म्हणाली. हे माझं देणं.

आणि त्याच शिबिरात ज्यांना गोळ्यांची खरोखर गरज होती, त्यांच्याकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. फिट्सच्या गोळ्या पुरात गेलेला एक मुलगा, स्किझोफ्रेनियाची औषधं आठवडाभर बंद पडलेली एक बाई, दारू अचानक तुटल्यामुळे हातापायाला कंप सुटून रात्री भ्रमात बडबडणारा एक माणूस. शिबिरातले लोक त्याला ‘भ्यालाय’ म्हणत होते. ही मंडळी आपत्तीच्या आधीपासून आजारी असतात. त्यांची औषधं तुटणं जीवघेणं ठरू शकतं. पण ती ‘पूरग्रस्तांचे मानसिक आरोग्य’ या मथळ्यात बसत नाहीत. कुठल्याही निवारा केंद्रात पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न असेल तर तो हा, "तुमची रोजची कुठली गोळी घरी राहिली?"

मग पहिल्या दिवसांत मनासाठी काहीच करायचं नाही का? करायचं, पण त्याला समुपदेशन म्हणायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून 2007 मध्ये आणीबाणीतल्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. त्यांत एक पिरॅमिड आहे. तळाशी अन्न, निवारा, सुरक्षितता या गोष्टी, पण त्या माणसाचा मान राखून दिलेल्या. त्यावर कुटुंब आणि गावगाडा पुन्हा जुळवणं. त्यावर साध्या प्रशिक्षित माणसानं दिलेला आधार. अगदी टोकाला, थोड्यांसाठी, माझ्यासारखे तज्ज्ञ. आपण पिरॅमिड उलटा करून टोकावर उभा करतो. बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का, रात्री तिथं दिवा आहे का, आई-मुलं एकाच वर्गात ठेवली आहेत का, उद्या पंचनाम्याला कोण येणार आणि सोबत कुठले कागद लागणार, हे फळ्यावर लिहिलंय का, हे सगळं मानसिक आरोग्यच आहे. काय चाललंय ते न कळणं माणसाला जेवढं पोखरतं, तेवढं वाईट बातमीही पोखरत नाही. आजींच्या म्हशीचं तेच होतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या मोठ्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. कुठला हप्ता कधी मिळणार, भिंतीला पट्टा कसा घालायचा, कागद कुठे द्यायचा, हे त्या घरोघर सांगायच्या. कुणी त्याला मानसोपचार म्हटलं नाही. पण घराबाहेर फारसं न बोललेली बाई इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागते आणि आपल्या गल्लीला माहिती देते, तेव्हा तिच्या मनाचं काय होतं हे कळायला पदवी लागत नाही.

किल्लारीनं दुसरं, कडू शहाणपणही दिलं. पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकसारखी सुटी सुटी घरं, क्रमांकानं दिलेले प्लॉट. भूकंपाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या जड माळवदांनीच तर माणसं मारली होती. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, पलीकडची खोकली तरी अलीकडे कळायचं. नव्या गावात शेजार विखुरला, वेशीपासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर म्हाताऱ्यांना झेपेना. आपत्तीनंतर माणूस ज्या आधारावर उभा राहतो, तो शेजारच जर नकाशा काढणाऱ्याच्या पट्टीखाली सापडला, तर पुढे कितीही समुपदेशक पाठवा. पुनर्वसनाचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअरनं मानसिक आरोग्याचा जेवढा विचार करायला हवा, तेवढा तो आमच्यापैकी कुणी करून भागत नाही.

ज्यांची माणसं सापडतच नाहीत, त्यांच्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळाली नाहीत आणि 23 जुलैला शोध थांबवला गेला. तो थांबवणं भागच होतं. वर पाऊस, खाली चिखल, यंत्रं चढवता येत नव्हती. पण ज्याचं माणूस त्या ढिगाखाली आहे, त्याच्यासाठी ती थांबलेली गोष्ट नसते. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायकांपासून या प्रकारच्या दुःखाचा अभ्यास सुरू केला. गेलाय म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. असा शोक धड सुरूही होत नाही आणि संपतही नाही. आपल्याकडे देह नसताना दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी करण्याची रीत आहे, ती उगीच आली नसणार. कोणत्याही समाजाची अशी जी रीत असेल, तिला जागा, वेळ आणि पोलिस बंदोबस्तातून वाट करून देणं, हे प्रशासनाचं मानसिक आरोग्यातलं काम आहे.

आणि कागदाचं काम त्याहून मोठं. एरवी बेपत्ता माणसाला मृत मानायला कायद्यानं सात वर्षं जावी लागतात. मोठ्या आपत्तीत खास कार्यपद्धती काढून ही मुदत टाळता येते; 2013 मध्ये केदारनाथच्या प्रलयानंतर ती काढली गेली होती. मृत्यूचा दाखला नाही म्हणजे वारसाची नोंद नाही, विम्याचे पैसे नाहीत, विधवा म्हणून पेन्शन नाही. बाईला नवऱ्याच्या मरणाचा पुरावा देण्यासाठी खिडकी-खिडकीवर तीच हकीकत सांगावी लागते. आम्ही दवाखान्यात डिब्रीफिंग बंद केलं, पण कचेऱ्यांमधून ते रोज चालू आहे. एका खिडकीवर एकदाच हकीकत लिहून घ्या आणि ती पुढे तुम्ही फिरवा, एवढं केलं तरी माझ्याकडे येणारे काही रुग्ण कमी होतील.

आता मुद्द्याचा प्रश्न. सहाव्या महिन्यात जायचं कुणी? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, 0.75 होता. जे आहेत ते शहरांत. तेव्हा माझ्यासारख्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, आणि सुदैवानं तशी गरजही नाही.

2005 मध्ये झिम्बाब्वेच्या सरकारनं शहरांतल्या वस्त्यांवर बुलडोझर फिरवले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं सुमारे सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार गेला. ही आपत्ती निसर्गाची नव्हती, पण घर जायचं ते गेलंच. पुढच्याच वर्षी हरारेतल्या एका वस्तीत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञानं दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला आणि त्यावर वस्तीतल्याच आज्यांना बसवलं. त्यांना प्रशिक्षण दिलं. आज्यांनी ‘नैराश्य’ हा शब्द वापरला नाही. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार येणं. आपल्याकडची बाई दवाखान्यात येऊन "लई इचार येत्यात" म्हणते, अगदी तेच. आजी आणि आलेला माणूस मिळून त्या विचारांच्या गुंत्यातला एक प्रश्न निवडतात, त्यावर या आठवड्यात करता येईल असं काहीतरी ठरवतात. 2016 मध्ये या बाकाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांत.

इतक्या लांब जायचं नसेल तर गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून हेच करून दाखवलं आहे. विदर्भात, जिथं आपत्ती एका रात्रीत नाही तर कर्जाच्या हप्त्या-हप्त्यानं येते, तिथं अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीडेक वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. अजून तीन चतुर्थांश लोक बाहेरच राहिले हे खरं. पण गावातलं माणूस दारात गेलं तर लोक बोलतात, एवढं त्यातून सिद्ध झालं.

इथं लगेच आशाताईंचं नाव पुढे येतं, आणि मला धास्ती वाटते. कुठलंही नवं काम आलं की ते आशाताईंच्या पिशवीत टाकायची आपल्याला सवय लागली आहे. त्यांचं स्वतःचं घरही त्याच पुरात बुडालेलं असतं, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र आणि मोबदला शून्य, असं करायचं असेल तर न केलेलं बरं. हे काम देणार असाल तर त्याचे वेगळे पैसे द्या. महिन्यातून दोनदा त्यांच्यासोबत बसून अवघड प्रसंगांवर बोलणारा तज्ज्ञ द्या, कारण रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यालाही ते उतरवायला जागा लागते. आणि त्यांना न झेपणारा रुग्ण ज्याच्याकडे पाठवायचा, तो डॉक्टर ठरल्या वारी ग्रामीण रुग्णालयात हजर असू द्या. माझ्या धंद्यातल्या लोकांनी आपत्तीनंतर करायचं काम हे आहे, गाडीतून उतरून फॉर्म भरणं नव्हे.

माणसांनी माणसांवर आणलेल्या संकटात हे सगळं आणखी अवघड होतं. मणिपूरमध्ये मे 2023 पासून साठेक हजार माणसं घर सोडून बाहेर पडली, त्यांतल्या पुष्कळांची शिबिरातली वर्षं मोजायची वेळ आली. काश्मीर खोऱ्यात 2015 मध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत 45 टक्के प्रौढांत मानसिक त्रासाची ठळक लक्षणं आढळली. आघातोत्तर म्हणायला आघात आधी संपावा लागतो. तिथं तो संपलेलाच नसतो. शिवाय पुरात शेजारी मदतीला येतो, दंगलीत भीती शेजाऱ्याचीच असते. ती भीती बंद खोलीत, एकेकट्याच्या समुपदेशनानं जाईल असं मला वाटत नाही. भिवंडीत सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्यानं मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्हीकडच्या माणसांना नळाच्या आणि गटाराच्या प्रश्नांवर एकत्र बसायची सवय लावली, आणि 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तो बंदोबस्ताचा प्रयोग होता. मी त्याला मानसिक आरोग्याचाही मानतो.

"आपली माणसं कणखर आहेत, त्यांना असलं काही लागत नाही," असं म्हणणारे अजून भेटतात. कणखर आहेतच. म्हणून तर पाचातले चार सावरतात. पाचव्याला त्या कणखरपणाचं ओझं होतं, कारण मग मदत मागणं म्हणजे कमीपणा ठरतो. पुरुषांत तर फारच. तो माझ्याकडे येत नाही, गुत्त्यावर जातो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं मनोसामाजिक आधारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या 2009 मध्ये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे. 14416 या क्रमांकावर टेलिमानसची हेल्पलाइन 2022 पासून दिवसरात्र मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक कापून फ्रिजवर लावून ठेवा. म्हणजे सांगाडा आहे. नाही ती मुदत. आपत्ती जाहीर झाली की त्या गावांसाठी दोन वर्षांची नेमणूक व्हावी, त्याच माणसांची, आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे पहिल्याच वर्षी बाजूला काढून ठेवावेत, कारण दुसऱ्या वर्षी नवी आपत्ती दुसरीकडे आलेली असते. त्सुनामीनंतर श्रीलंकेनं असा दीर्घ विचार केला. आलेला पैसा आणि लोकांचं लक्ष वापरून, राजधानीभोवती एकवटलेली मानसिक आरोग्यसेवा जिल्ह्यांपर्यंत नेली आणि ती नंतरही राहिली.

तुम्ही स्वतः उद्या मदतीला गेलात तर? "रडू नका" म्हणू नका, "निदान तुम्ही तरी वाचलात" हे तर मुळीच नको. जी मागे राहिली आहे तिला तेच सहन होत नसतं. जवळ बसा, काय हवंय ते विचारा, जे कळवता येईल ते खरं कळवा, जमणार नसेल ते कबूल करू नका. लहान मुलांना चित्रं काढायला बसवून "पूर काढ" म्हणण्यापेक्षा त्यांची शाळा लवकर सुरू करून द्या. कुणी जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, किंवा महिना-दोन महिन्यांनंतरही जेवत-झोपत नसेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरपर्यंत सोबत जा. शक्य असेल तर संक्रांतीला पुन्हा त्याच गावी फेरी मारा.

फेब्रुवारीत मी गेलो, तेव्हा आजी ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला ओळखलं. म्हैस काही सापडली नव्हती. मुलाचं विचारलं तर आत बोट दाखवलं. तो दुपारी दोन वाजता भिंतीकडे तोंड करून निजला होता. ऊस कुजला होता, अंगावर कर्ज होतं. आजींनी शेतातली सगळी औषधं गुपचूप उचलून चुलत भावाच्या घरी नेऊन ठेवली होती. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्याला त्याच दिवशी जिल्ह्याला नेलं, उपचार सुरू झाले, सावकाश उतार पडला. मी दुसऱ्या कामासाठी गेलो होतो म्हणून.

आता त्या गावातल्या एका आशाताईंकडे वही असते. तिच्यात अकरा घरं आहेत. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा तिनं ती आपल्याच हिशेबानं सुरू केली. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला, की ती आधी त्या अकरा घरांत जाऊन येते. वहीसाठी तिला कुणी पैसे देत नाही.